पडदे ओढलेलं घर : इंग्लंडमधले जुने वाडे जपतात तरी कसे?

आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी आता इंग्लंडला असतं. मग आईवडील उन्हाळ्यात तिकडे महिना-दोन महिने राहून येतात, आणि लंडन बघून झालं की एखाद्या रविवारी त्यांना गाडीत घालून 'जुनं घर' दाखवायला नेतात. आम्ही आईला डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलला नेलं. बाहेर जूनचं लख्ख ऊन होतं, इमारतीच्या भल्यामोठ्या काचा चमकत होत्या, आणि दारातून आत पाऊल टाकलं तर दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं वाटलं. खिडक्यांवर पडदे ओढलेले, दिवे मिणमिणते, खुर्च्यांसमोर दोऱ्या, दारापाशी पिशवी पाठीवरून पुढे घ्यायची सूचना.

आईने हळूच विचारलं, "अगं, एवढं तिकीट घेतात, मग खिडक्या उघडायला काय होतं यांना?"

प्रश्न अगदी रास्त होता. दालनात बसलेल्या एका निवृत्त बाईंना मी तो इंग्रजीत विचारला. त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि आम्हाला एका जुन्या पडद्याजवळ नेलं. पडद्याला हात न लावता नुसता उजेड त्याच्या चुणीवर धरला. चुणीच्या बाहेरच्या अंगाला कापड चहात बुडवल्यासारखं पिवळट-तपकिरी होतं. आतल्या घडीत, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे तेच कापड गडद लाल होतं. आईने लगेच मान डोलावली. पैठणी मलमलमध्ये गुंडाळून ठेवणाऱ्या आणि वर्षातून एकदा तिची घडी मोडून दुसरीकडे घालणाऱ्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही.

पण घडीच्या पलीकडे बरंच काही आहे. ही घरं टिकली कशी, त्यांचा खर्च कोण करतं, बाग 'जपायची' म्हणजे काय करायचं, आणि मुळात ती जपावीत का, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. एकेक धागा सोडवून पाहू.

हे घर म्हणजे आपल्याकडचं काय?

इंग्रजीत त्यांना 'कंट्री हाऊस' म्हणतात. शब्द फसवा आहे. गावाकडचं टुमदार घर डोळ्यांसमोर आणू नका. आपल्याकडची देशमुखांची गढी किंवा इनामदारांचा वाडा त्याला जास्त जवळचा. भोवताली हजारो एकर जमीन, ती कसणारी कुळं, त्यांच्याकडून येणारा खंड, आणि या सगळ्याच्या मध्यभागी मालकाचं घर. तिथे कारभार चालायचा, पाहुणे यायचे, राजकारण शिजायचं. घर कितीही मोठं असलं तरी ते स्वतः काही कमवत नसे. जमीन कमवायची आणि घर खायचं. मी पुढे सोयीसाठी त्याला वाडाच म्हणते.

हार्डविकचा वाडा १५९० ते १५९७ या काळात बेस नावाच्या एका बाईने बांधला. चार लग्नं, चारही वेळा वैधव्य, आणि शेवटी राणीच्या खालोखाल श्रीमंत समजली जाणारी ही बाई. त्या काळी काच फार महाग होती, म्हणून तिने भिंतीपेक्षा काच जास्त लावून घेतली. छताच्या मनोऱ्यांवर आपल्या नावाची अक्षरं दगडात कोरून घेतली, लांबून दिसतील अशी. तिने मिरवण्यासाठी लावलेल्या त्याच काचा आज तिच्या घरातल्या कापडाच्या मुळावर आल्या आहेत.

मग हे वाडे पडायला का लागले?

१८७० नंतर अमेरिकेतलं स्वस्त धान्य आगगाडी आणि आगबोटीने इंग्लंडात येऊ लागलं. तिथल्या धान्याचा भाव कोसळला, खंड घटला, जमिनीची किंमत उतरली. वाड्याचं पोट भरणारा झराच आटला. पाठोपाठ १८९४ मध्ये मृत्युकराची नवी पद्धत आली. मालक वारला की वारसाने मालमत्तेच्या किमतीवर सरकारला कर द्यायचा. सुरुवातीला सर्वांत वरचा दर ८ टक्के होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो ८० टक्क्यांवर गेला.

आता विचार करा. कोकणात एखाद्याची पाच एकर आमराई असते, पण दवाखान्याचं बिल भरायची वेळ आली की तीच विकावी लागते, कारण संपत्ती जमिनीत असते, हातात नाणं नसतं. इंग्लंडच्या जमीनदारांचं अगदी हेच झालं, फक्त आकडे मोठे. पहिल्या महायुद्धात कित्येक घरांत वारस मुलगे रणांगणावर मारले गेले, आणि काही घरांवर थोड्या वर्षांत दोनदा कर बसला. नोकरचाकर कारखान्यात आणि कचेऱ्यांत गेले ते परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात वाडे सैन्याला, इस्पितळांना, शाळांना दिले गेले आणि पुष्कळसे मोडकळीला येऊनच परत मिळाले.

सगळ्यांत बोलकी गोष्ट चॅट्सवर्थची. हार्डविकपासून जवळच असलेला हा वाडा डेव्हनशायरच्या ड्यूकांचा, आणि हार्डविकही त्यांचंच होतं. दहाव्या ड्यूकने कर वाचावा म्हणून १९४६ मध्ये मालमत्ता मुलासाठी एका न्यासाकडे सोपवली. कायद्याची अट एकच होती, देणारा त्यानंतर पाच वर्षं जगला पाहिजे. नोव्हेंबर १९५० मध्ये तो अचानक वारला. वय ५५. चौदा आठवडे कमी पडले. ८० टक्के कर लागला, आणि तो फेडता फेडता कुटुंबाची वीसहून जास्त वर्षं गेली. जमिनी विकल्या, मौल्यवान चित्रं आणि ग्रंथ सरकारजमा झाले, आणि हार्डविकचा अख्खा वाडाच करापोटी द्यावा लागला. आम्ही आईला घेऊन ज्या दालनात उभ्या होतो, ते दालन लोकांचं झालं ते असं.

ज्यांना असंही काही जमलं नाही त्यांनी वाडे पाडले. छतावरचं शिसं, कोरीव शेकोट्या, लाकडी जिने सुटे करून विकले आणि उरलेल्या भिंतींना सुरुंग लावले. विसाव्या शतकात असे हजाराहून जास्त वाडे गेले. १९५५ हे वर्ष सगळ्यांत वाईट. त्या वर्षी सरासरी दर पाच दिवसांनी एक वाडा जात होता असं म्हणतात. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे सर्वसामान्य लोकांना जाग आली.

दिवाबत्तीची जमीन

नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ मध्ये स्थापन झाली, मुख्यतः डोंगर, समुद्रकिनारे आणि मोकळ्या जागा वाचवण्यासाठी. वाड्यांकडे ती वळली ती १९३७ च्या कायद्यानंतर. योजना अशी होती की मालकाने वाडा ट्रस्टला द्यायचा, कर माफ व्हायचा, कुटुंबाला घराच्या एका भागात राहता यायचं, आणि लोकांना ठरलेल्या दिवशी घर पाहायला मिळायचं. नॉरफोकमधला ब्लिकलिंग हॉल १९४० मध्ये या वाटेने ट्रस्टकडे आला. आज ट्रस्टकडे दोनशेहून जास्त ऐतिहासिक घरं आहेत आणि पन्नास लाखांहून जास्त सभासद आहेत.

यातली एक अट आपल्याला चटकन कळेल. नुसतं घर आणून दिलं तर ट्रस्ट सहसा घेत नाही. घरासोबत कायमचा निधी लागतो, ज्याच्या उत्पन्नातून दरवर्षीची दुरुस्ती व्हावी. आपल्याकडे देवळाला मूर्ती देऊन भागत नसे, दिवाबत्तीसाठी जमीन लावून द्यावी लागे. नाहीतर पुजारी तेल आणणार कुठून? इनाम जमीन सहजी विकता येत नसे, तसंच इथेही. १९०७ च्या कायद्याने ट्रस्टला एक अधिकार दिला, की एखादी वास्तू 'अविक्रेय' जाहीर केली की ती खुद्द ट्रस्टलाही विकता येत नाही, आणि संसदेच्या परवानगीशिवाय कुणाला सक्तीने घेताही येत नाही.

सगळे वाडे ट्रस्टकडे नाहीत हेही लक्षात ठेवायला हवं. पुष्कळ अजून खाजगी आहेत. लाँगलीट वाड्याच्या मालकाने १९४९ मध्ये तिकीट लावून दार उघडलं आणि १९६६ मध्ये आवारात चक्क सिंह आणून ठेवले. चॅट्सवर्थने स्वतःचा वेगळा न्यास केला. शिवाय घर किंवा चित्रं नीट जपली आणि लोकांना पाहू दिली, तर त्यांच्यावरचा वारसाकर पुढे ढकलण्याची सोय कायद्यात आहे. म्हणजे तिथे आपण दारातून आत जातो ते मालकाच्या मेहेरबानीने नाही. तो करारच आहे.

आता पडद्यांकडे

उजेड मोजायचं एकक आहे लक्स. भर उन्हात बाहेर एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. रेशीम, लोकर, जलरंग, कागद अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या वर उजेड पडू देऊ नये, आणि तैलचित्रांवर २०० लक्सच्या वर, असा या क्षेत्रातला संकेत आहे. ५० लक्स म्हणजे आपल्याला पेपर वाचायला डोळे ताणावे लागतील इतपत.

कळीचा मुद्दा पुढे आहे. उजेडाची झीज साठत जाते आणि भरून येत नाही. तासभर ५०० लक्स आणि दहा तास ५० लक्स, दोन्हीचं नुकसान सारखंच. म्हणून प्रत्येक दालनाला वर्षभराचा उजेडाचा कोटा ठरवून दिलेला असतो, रेशनकार्डावर साखर असायची तसा. एखाद्या समारंभासाठी खिडक्या उघडल्या तर तो उजेड पुढच्या दिवसांतून वळता करावा लागतो. संध्याकाळी पाच वाजता दार बंद होतं, त्यामागे कर्मचाऱ्यांच्या घरी जाण्याच्या वेळेइतकाच हा हिशेब असतो. काचांवर अतिनील किरणं अडवणारा पातळ पापुद्राही लावलेला असतो, पण दिसणारा उजेडही रंग खातोच, म्हणून नुसत्या पापुद्र्याने भागत नाही.

उजेड न लागल्यास काय होतं, हे पाहायचं असेल तर डर्बीशायरमध्येच कॉक ॲबे नावाचा वाडा आहे. तिथे एक पलंग आहे, अठराव्या शतकातला, चिनी रेशमाचा, भरतकामात ड्रॅगन, पक्षी, माणसं. घरात लग्न होऊन आलेल्या एका सुनेला तो राजघराण्याकडून भेट मिळाला असावा असं मानतात. पण तो कधी धड उभारलाच गेला नाही, पेट्यांत बंद राहिला. १९८० च्या दशकात ट्रस्टच्या लोकांनी त्या पेट्या उघडल्या तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीचे रंग जसेच्या तसे समोर आले. गर्द निळा, केशरी, हिरवा. आता तो काचेआड, मंद उजेडात ठेवलाय. काचेला नाक लावून मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. मनात सारखं येत होतं, की इतर घरांत आपण 'जुना सोनेरी रंग' म्हणून ज्याचं कौतुक करतो, तो एके काळी असा दिसत असणार.

आणि एकदा झीज झाली की दुरुस्तीला काय पडतं? हार्डविकमध्ये बायबलमधल्या गिदिओनच्या कथेचे तेरा प्रचंड विणलेले पट आहेत, जवळजवळ सहा मीटर उंच. बेसने ते १५९२ मध्ये दुसऱ्याकडून विकत घेतले आणि आधीच्या मालकाच्या मानचिन्हावर आपलं मानचिन्ह लावून घेतलं. चारशे वर्षांची काजळी, धूळ आणि स्वतःचंच वजन यांनी ते जेरीस आले. एकेक पट उतरवून बेल्जियमला धुवायला पाठवला, मग नॉरफोकच्या कार्यशाळेत मागून कापडाचा आधार देऊन टाका टाका घालून पक्का केला. काम १९९९ मध्ये सुरू झालं आणि २०२३ मध्ये संपलं. चोवीस वर्षं आणि सुमारे सतरा लाख पौंड. यापुढे पडदे ओढलेले दिसले तर मला राग येणार नाही.

दमट हवा, धूळ आणि कसर

पावसाळ्यात आपलं लाकडी दार फुगतं आणि लागता लागत नाही. मार्गशीर्षात तेच दार सैल होतं. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. जडावाचं कपाट असेल तर प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या मापाने फुगतो आणि वरचं नक्षीकाम उचकटतं. म्हणून हवेतला ओलावा साधारण ५० ते ६५ टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न असतो. त्याच्यावर गेला की बुरशी आणि किडे, फार खाली गेला की तडे. इंग्लंडची हवा मुळात दमट, त्यामुळे तिथे हीटर चालतो तो ओलावा पाहून, माणसांना ऊब मिळावी म्हणून नाही. बाहेरपेक्षा जेमतेम काही अंश जास्त. आईला शाल का लागली याचं उत्तर हे.

धूळ कुठून येते हे ऐकून मला नवल वाटलं. बरीचशी आपल्याच अंगावरून. कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण, चपलांची माती. दोरीच्या जवळच्या वस्तूंवर ती जास्त बसते, लांबच्या वस्तूंवर कमी, म्हणून दोरी हातभर मागे घेतली तरी फरक पडतो. हवा दमट असली की हीच धूळ चिकटून बसते, मग ती काढताना वरचा थरही निघायची भीती. त्यामुळे पुसायचंही बेताने.

झाडझूड कशी करतात तेही पाहण्यासारखं असतं. एका हातात मऊ केसांचा ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं, म्हणजे सोन्याच्या वर्खाची टिकली जरी सुटली तरी ती जाळीत अडकेल. ब्रश हलक्या हाताने नळीकडे फिरवायचा, फडकं कुठेच लावायचं नाही. लाकडाला वेगळा ब्रश, वर्खाला वेगळा, पुस्तकांना वेगळा. कोपऱ्यांत चिकट सापळे ठेवलेले असतात आणि त्यांत किती कसर, किती भुंगेरे सापडले याची नोंद होते. थंडीत बरीच घरं बंद ठेवून फर्निचरवर सुती आच्छादनं घालतात, आणि दोन-तीन महिने हेच काम चालतं.

"मग एकदाचं नवंकोरं का करून टाकत नाहीत?"

हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो. जीर्णोद्धार म्हटलं की आपल्या मनात नवा रंग, नवी फरशी, चकचकीत कळस असतो.

इंग्लंडातही एके काळी हेच चाललं होतं. जुन्या चर्चचे नंतरचे थर खरवडून त्यांना 'मूळ' रूप द्यायचा सपाटा लागला होता. १८७७ मध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी याविरुद्ध एक संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं, की जीर्णोद्धाराच्या नावाखाली खोटं जुनेपण उभं करू नका, रोजची निगा राखून पडझड थोपवा. कौल सरकलं तर आजच बसवा. म्हणजे उद्या तुळई बदलावी लागणार नाही.

त्याच विचारातून आला चुन्याचा आग्रह. जुनी दगडी भिंत ओलावा घेते आणि चुन्याच्या सांध्यांतून सोडते. सांधे सिमेंटने भरले की ओल आत कोंडते आणि दगडच झिजायला लागतो. आपल्याकडच्या वाड्यांच्या भिंतींना 'मजबुतीसाठी' सिमेंट फासलेलं दिसतं तेव्हा पोटात कालवतं ते याचमुळे.

कॉक ॲबेमध्ये हा विचार टोकाला नेला आहे. १९८१ मध्ये मालक वारला, सुमारे ८० लाख पौंड कर आला, सरकारी वारसा निधीच्या मदतीने १९८५ मध्ये घर ट्रस्टकडे आलं. या घराने पिढ्यान्‌पिढ्या काही टाकून दिलं नव्हतं आणि वीजही १९६२ मध्येच घेतली होती. खोल्याच्या खोल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी, खेळण्यांनी, मोडक्या खुर्च्यांनी भरलेल्या. ट्रस्टने छप्पर आणि भिंती भक्कम केल्या, पण निघालेला भिंतीचा कागद निघालेलाच ठेवला. पडलेल्या वैभवाचं घर कसं दिसतं, ते तसंच दाखवायचं ठरवलं.

उलट उदाहरण ससेक्समधल्या अपपार्क वाड्याचं. ऑगस्ट १९८९ मध्ये छताच्या शिशाचं काम चालू असताना ज्योतीच्या उष्णतेने आग लागली आणि वरचे मजले कोसळले. लोकांनी रांग लावून खालच्या मजल्यावरचं बहुतेक सामान बाहेर काढलं. मग राखेतून कणन्‌कण चाळून, विसरलेली गिलाव्याची कारागिरी नव्याने शिकून, घर आगीच्या आदल्या दिवशी होतं तसं उभारलं. १९९५ मध्ये ते पुन्हा उघडलं. २०१५ मध्ये क्लँडन पार्क जळालं तेव्हा मात्र तसं न करता बरंचसं घर जळक्या, उघड्या विटांच्या रूपातच ठेवायचा निर्णय झाला. त्यावर तिथे अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर अपपार्कमध्ये सामान वाचलं होतं, ते ठेवायला घर हवं होतं. क्लँडनमध्ये बहुतेक सगळं गेलं, तिथे खोटी दालनं बांधून दाखवायचं तरी काय?

बागेचं काय? ती तर मरते आणि उगवते

खुर्ची जपायची म्हणजे तीच खुर्ची ठेवायची. बागेत 'तेच' झाड कायम ठेवता येत नाही. मग जपायचं काय?

देवगडच्या हापूसकडे पाहा. आजोबांनी लावलेलं झाड गेलं तरी त्याचं कलम बांधून ठेवलं असेल तर आंबा तोच राहतो. इंग्लंडमधल्या बागाही अशाच चालतात. जुन्या झाडाच्या फांद्या काढून रोपवाटिकेत कलमं तयार ठेवायची, आणि म्हातारं झाड पडायच्या आधी बाजूला त्याचा वारस लावायचा. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात एका रात्रीत दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी झाडं पडली, तेव्हा ज्यांच्याकडे नोंदी आणि कलमं होती त्यांच्या बागा परत उभ्या राहिल्या.

झाडाखेरीज आराखडाही जपायचा असतो, आणि खरी अडचण तिथे येते. एकाच जागेवर चार पिढ्यांचे चार आराखडे असतात. चॅट्सवर्थच्या आखीव बागेचा मोठा भाग १७६० च्या दशकात 'केपेबिलिटी' ब्राऊन या बागरचनाकाराने मोडला आणि निसर्गात सहज घडल्यासारखी हिरवी उतरण केली. त्यावर १८३० नंतर जोसेफ पॅक्स्टन या तिथल्या मुख्य माळ्याने प्रचंड काचघर उभारलं. पहिल्या महायुद्धात ते तापवायला कोळसा मिळेना, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते सुरुंगाने उडवावं लागलं. आज त्या जागी झुडपांचा भुलभुलैया आहे. ते काचघर पुन्हा बांधावं का? कुणी तसा हट्ट धरत नाही, आणि ते बरोबरच आहे. उरलेल्या भिंती जपतात आणि गेलेल्याची गोष्ट सांगतात.

या काचघरांच्या गोष्टीत आपला एक धागा आहे. पॅक्स्टनने चॅट्सवर्थमध्ये मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप वाढवलं, १८३५ मध्ये ते फुललं, आणि ड्यूकच्या घराण्याच्या आडनावावरून त्याला 'कॅव्हेंडिश' नाव पडलं. जळगावच्या शेतकऱ्याची बसराई आणि आजची ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. याच वाड्याने १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात पाठवलं आणि त्याने खासी टेकड्यांतून ऑर्किडच्या पेट्या भरून नेल्या.

"पण हे वाडे आपल्याच पैशावर उभे आहेत ना? मग ते का जपायचे?"

काही नक्कीच. वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने नेलेल्या हिंदुस्थानी वस्तू आहेत, टिपू सुलतानाच्या तंबूसकट. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये स्वतःच अहवाल काढला आणि आपल्या ताब्यातल्या ९३ जागांचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध असल्याचं मांडलं. तिथे त्यावर मोठं वादळ उठलं. मला तो अहवाल आवश्यक वाटतो. घराची गोष्ट सांगायची तर पैसा कुठून आला हे गाळून कशी सांगणार?

पण गोष्ट इथे संपत नाही. डर्बीशायरमधल्याच केडलस्टन हॉलमध्ये लॉर्ड कर्झनचा जन्म झाला. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे नंतरचं राजभवन, याच वाड्याच्या धर्तीवर बांधलेलं आहे. कर्झन व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा तो आपल्याच घराच्या नमुन्यात राहायला आला. केडलस्टनमध्ये त्याने पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचं संग्रहालय आजही आहे. बंगालची फाळणी करणारा हाच माणूस. आणि १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला, ज्याने आपल्याकडच्या जुन्या वास्तूंना कायद्याचं पहिलं देशव्यापी कवच मिळालं. तो इंग्लंडला परतला त्यानंतर, १९११ मध्ये, तिथल्या टॅटरशॉलच्या किल्ल्यातल्या कोरीव शेकोट्या उखडून विकल्या गेल्या होत्या. त्याने किल्ला विकत घेतला, शेकोट्या शोधून परत बसवल्या, आणि दोनच वर्षांत ब्रिटनलाही कडक कायदा मिळाला. म्हणजे तिथल्या मालकांच्या हक्कावर लगाम घालणारा कायदा हिंदुस्थानातल्या कायद्यापेक्षा नऊ वर्षांनी आला.

वाडा पाडला असता तर हा सगळा पुरावाही गेला असता. टिपूचा तंबू परत मागायचा असेल तरी तो आधी कसरीने खाल्लेला नसावा लागतो.

आणि आपल्याकडे?

गोव्यात चांदोरला ब्रागांझांचं घर कुटुंबातली माणसंच दाखवतात आणि पाहणाऱ्यांच्या देणगीतून निगा राखतात. बाकी बहुतेक घरांची अडचण तीच. सातबाऱ्यावर डझनभर नावं, भाडं नाममात्र, आणि दुरुस्तीचा विषय निघाला की जो तो दुसऱ्याकडे बघतो. इंग्लंडातली करसवलत इथे उचलून आणता येणार नाही, कारण आपल्याकडे वारसाकरच नाही. घराला दिवाबत्तीची जमीन लावून देणं मात्र आपल्याला ठाऊक आहे, आपल्या खापरपणज्यांनी देवळांसाठी तेच केलं.

राजापूर तालुक्यातलं आमचं घर चार चुलत भावंडांत आहे. परत आल्यावर आईने सगळ्यांना फोन लावले. "रंगरंगोटी राहू दे," ती म्हणाली, "आधी शाकारणी." वैशाखात कौलं उतरवली, फुटकी बदलली, दोन वासे वाळवी लागलेले निघाले ते काढले, मागच्या अंगणाकडची पन्हळ नवी बसवली. माजघराच्या भिंतीला गेल्या वर्षी कुणीतरी लावलेलं सिमेंट गवंड्याने टाकीने काढलं आणि चुना भरला. खर्च चौघांत वाटला आणि आईच्या वहीत लिहिला. शेजारचा रकाना तिने आखून ठेवलाय, वर पुढच्या वर्षीचा वैशाख लिहून.